दहाच्या नोटेची मागची बाजू

कुंभकोणमला मी देवळं बघायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, अमुक गोपूर पाहिलंत का, तमुक तलाव पाहिलात का. तलाव पाहिला, कारण तो रस्त्यात होता. बाकी तीन दिवस मी रागावलेली होते, आणि रागावलेल्या बाईला गोपुरं दिसत नाहीत.

मला इंग्रजी अमलातल्या कागदी नोटा जमवायचा नाद आहे. साताऱ्याला टपाल खात्यात आयुष्यभर पत्रांची वर्गवारी केली, निवृत्त झाले आणि या नादाला लागले. बायकांनी दागिने जमवावेत, साड्या जमवाव्यात, नोटा कसल्या जमवता, असं माझ्या जावेपासून पुण्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी सुनावून झालं आहे. व्यापारी तर मला 'मावशी' म्हणतात आणि भाव दीडपट सांगतात.

माझ्या संग्रहातला माझा सर्वांत लाडका कागद म्हणजे एक अर्धी नोट. दहा रुपयांची, मद्रासहून निघालेली, एकाच बाजूला छापलेली. मागची बाजू कोरी. त्या काळी दहा रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत. टपालातून नोट पाठवायची तर लोक तिचे मधोमध कापून दोन तुकडे करत. आधी एक तुकडा पाठवायचा, तो पोचल्याचं पत्र आलं की दुसरा. वाटेत कोणी पाकीट फोडलं तरी त्याच्या हाती अर्धाच कागद लागे, आणि अर्ध्या कागदाचे पैसे कोणी देत नसे. क्रमांक डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असायचा, म्हणजे जोडी जुळवता यायची.

माझ्याकडे डावा तुकडा आहे. पुण्यात जुन्या बाजारात एका रद्दीवाल्याकडे, फाटक्या पंचांगात सापडला. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणीतरी शाईने दोन ओळी खरडून ठेवल्या होत्या. पाठकोरी नोट पाठकोरीच हवी, म्हणून मी तो पुण्यातल्या एका कारागिराकडून धुऊन घेतला. त्याचा हात इतका हलका की शाई गेली आणि कागदाला कळलंही नाही. चांगले पैसे मोजले मी त्याचे.

मागच्या वर्षी चेन्नईच्या एका नाणेवाल्याने आमच्या फोनवरच्या गटात एक फोटो टाकला. उजवा तुकडा. खाली लिहिलं होतं, कुंभकोणमचं एक गिऱ्हाईक विचारतंय, डावा कोणाकडे आहे का. मी क्रमांक वाचला, कपाटातला माझा तुकडा काढला, पुन्हा वाचला. मग पाणी प्याले आणि तिसऱ्यांदा वाचला. तोच क्रमांक.

नाणेवाल्याकडून त्या गिऱ्हाइकाचा नंबर घेऊन मी फोन लावला. मोडकंतोडकं हिंदी बोलायची तयारी केली होती, तर पलीकडून आवाज आला, "अक्का, मराठींत बोला की. अम्ही मराठीच." ते गोविंदराव. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तंजावरला आले आणि तिथलेच झाले. उजवा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरातच होता. विकणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुम्हीं या तर खरें. घेऊन या तुमचा भाग. मग बोलूं." मी मनात म्हटलं, बनेल आहे माणूस, भाव वाढवतोय.

निघेपर्यंतच्या महिनाभरात मी त्यांना दर दोन दिवसांनी फोन केला. हात लावू नका. ओल लागू देऊ नका. कसर लागेल. जपा, गोविंदराव, जपा! दर वेळी ते म्हणत, "काळजी नको, अक्का."

पहिला दिवस

सकाळी उतरले. स्टेशनसमोरच पितळी वाटी-पेल्यात कॉफी मिळाली. दूध असं दाट की माझा प्रवासाचा शीण गेला. आपल्याकडे कॉफी म्हणजे चहा संपला की करायची वस्तू. इथे कॉफी देणारा माणूस हातभर उंचीवरून ती ओततो आणि एक थेंब सांडत नाही. त्या दिवशी मला आवडलेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट.

गोविंदरावांचं दुकान मोठ्या तलावाजवळच्या एका गल्लीत आहे. मी समजत होते पितळी भांड्यांचं असेल, कारण गल्लीभर समया आणि घागरी टांगलेल्या. दुकान निघालं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं. दारात रांग. एका बाईच्या हातात नातवाची पत्रिका, एका गृहस्थाकडे वारलेल्या वडिलांचा फोटो, दोघी बहिणींकडे भजनाच्या पदांचे कागद. या गावात जे जे जिवापाड जपायचं ते ते प्लॅस्टिकमध्ये घालतात, हे मला रांगेत उभं राहून कळायला हवं होतं. पण मी माझ्या पिशवीतल्या तुकड्याला कवटाळून उभी होते, डोकं चाललं नाही.

गोविंदराव पासष्टीचे, कपाळावर बुक्का, कमरेला पांढरी वेष्टी, अंगावर झेरॉक्सच्या शाईचे डाग. मला पाहून गल्ल्यावरून उठले, गिऱ्हाइकांना तमिळमध्ये थांबायला सांगितलं, खुर्ची पुसली. विठ्ठलाच्या तसबिरीमागून त्यांनी एक वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

लॅमिनेट केलेली. उजवा तुकडा, शंभर वर्षांचा कागद, जाड चकचकीत प्लॅस्टिकमध्ये. चारी बाजूंनी बोटभर कडा सोडलेल्या, कोपरे गोल कापलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय केलंत?" मी ओरडले. रांगेतली माणसं वळून बघू लागली. "कोणी सांगितलं हे करायला?"

"तुम्हींच की, अक्का," गोविंदराव गोंधळून म्हणाले. "हात लागूं नये, ओल लागूं नये, कसर लागूं नये म्हणून सांगिटलांत. काल सकाळीं स्वतः बसून केलों. एक फुगा नाही आंत. पाहा."

खरंच एक फुगा नव्हता. वितळलेला गोंद कागदाच्या धाग्याधाग्यात उतरला होता, आता तो जगातल्या कुठल्याही कारागिराला निघणार नव्हता. मी त्यांना हे सांगितलं. वर आणखी बरंच सांगितलं. अडाणी म्हणाले. शंभर वर्षं तुमच्या घराण्याला सांभाळता आलं आणि तुम्हाला एक महिना जमलं नाही, असंही म्हणाले. त्यांच्या वयाचा, त्यांच्या दुकानाचा, रांगेतल्या माणसांचा काहीएक विचार केला नाही. त्यांनी मागवलेली कॉफी टेबलावर तशीच राहिली आणि मी तरातरा बाहेर पडले.

दुपारी एका खानावळीत जेवले. जेवले कसली, राग गिळला. केळीच्या पानावर वाढपी भाताचे डोंगर घालत होता, मी ते मुकाट्याने उद्ध्वस्त करत होते. उठताना पान पलीकडे दुमडलं. वाढपी धावत आला, हातवारे करत काहीतरी बोलू लागला. शेजारच्या माणसाने इंग्रजीत समजावलं, पान आपल्याकडे दुमडायचं असतं, पलीकडे दुमडतात ते कोणी गेल्यावर. मी म्हटलं, गेलंच आहे कोणीतरी. त्याने बिचाऱ्याने खरं मानलं आणि हात जोडले. त्यावर माझा मलाच इतका राग आला की मी खोलीवर जाऊन परतीचं तिकीट अलीकडे मिळतंय का बघत बसले. मिळालं नाही.

दुसरा दिवस

सकाळी लॉजच्या पायऱ्यांवर एक नऊवारी नेसलेल्या बाई बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. "मी गोविंदरावांची घरकरीण, रखमाबाई. जेवायाला या. रागानें कां होईना, या."

इतक्या सरळ बोलावण्याला नाही म्हणता येईना. मेलकावेरी नावाच्या वस्तीत त्यांचं घर आहे, नवीन बांधणीचं, खाली स्कूटर, वर दोन खोल्या. नदी पाच मिनिटांवर, पण आत गेलं की गिरणीच्या पिठाचा आणि हिंगाचा वास. जेवायला आंबट भाजी आणि डांगर पच्चडी, म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी. आपल्या डांगराचंच ते भावंड, फक्त इकडे येऊन कढीपत्ता खायला शिकलेलं. बोलणंही तसंच. बाहेर फेरीवाल्याशी तमिळ, आणि उंबऱ्याच्या आत 'कोठें' आणि 'तें' आणि 'नव्हे', माझ्या आजेसासूच्या पत्रांत वाचलेलं मराठी. ऐकताना मधूनच मी माझा राग विसरत होते आणि त्याला पुन्हा आठवणीने बोलावत होते.

जेवण झाल्यावर गोविंदराव समोर बसले. "अक्का, मी तें विकायाला फोटो टाकलों नव्हतों. शोधायाला टाकलों."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे पणजोबा इथे कुंभकोणमला, आणि पणजोबांचे धाकटे भाऊ पुण्याला एका छापखान्यात कामाला. बायको आणि मूल इथेच थोरल्याकडे. धाकट्याने पुण्याहून पत्र लिहिलं, मी आजारी आहे, घरी यायला पैसे पाठवा. पणजोबांनी दहाची नोट कापली, डावा भाग टपालात घातला आणि पोचल्याच्या पत्राची वाट पाहत बसले. पत्र आलं नाही. आली ती धाकटा गेल्याची खबर.

"त्याची बायको म्हणाली, तुम्हीं काहीं पाठवलांतच नाहीं. भावाला मरूं दिलांत. पणजोबा उजवा भाग दाखवले. ती म्हणाली, डावा पण तुमच्याच पेटींत असेल. मूल घेऊन माहेरा गेली, मरुदानल्लूरला. तेव्हांपासून त्या घरचे इकडे येत नाहींत. भजनाला नाहीं, लग्नाला नाहीं, मयताला नाहीं."

"अजून?"

"तिची नात अहे, मंजुळा अत्त्या. नव्वदीला आली. ती शेवटची. मी जातों, तर दारांतून परत पाठवते. म्हणते, डावा भाग आण, मग आंत ये."

मी माझ्या पिशवीकडे पाहिलं. महिनाभर मी या माणसाला बनेल समजत होते. त्याला पैसे नको होते, त्याला त्या म्हातारीच्या घरात जायचं होतं. मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्या गोल कापलेल्या कोपऱ्यांचा राग तेवढ्याने जाणार नव्हता, आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं. गोविंदराव म्हणाले, "सेरी, बरें अक्का. राग असूं द्या. उद्यां चला तेवढें."

तिसरा दिवस

मरुदानल्लूर गावाबाहेर लगेच लागतं; रखमाबाईही आमच्याबरोबर आल्या. भाताची शेतं, केळी, आणि भजनी मठाची गल्ली. मंजुळाअत्त्याचं घर त्या गल्लीच्या टोकाला. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, आणि रांगोळीच्या पलीकडे खुर्चीत अत्त्या. पाठीत वाकलेली, डोळे मात्र लखलखीत.

"आणलास?" तिने गोविंदरावांना विचारलं. नमस्कार नाही, या नाही.

मी पुढे झाले. माझा तुकडा पाकिटातून काढला. गोविंदरावांनी त्यांचा धरला. प्लॅस्टिकच्या कडेमुळे दोन्ही भाग चिकटून बसेनात, मध्ये बोटभर फट राहिली. तरी कापलेली रेघ रेघेला जुळत होती आणि क्रमांक क्रमांकाला. अत्त्याने भिंग मागवलं. क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून वाचला, आधी डाव्यावरचा, मग उजव्यावरचा.

"कोठें मिळाला?"

"पुण्याला," मी म्हणाले. "जुन्या पंचांगात."

ती गोविंदरावांकडे न बघता म्हणाली, "पाठवला होता तर." आणि खुर्ची मागे सरकवून वाट करून दिली. गोविंदराव उंबऱ्याच्या आत गेले. पासष्टीचा माणूस, आत गेल्यावर कुठे बसावं हे त्यांना कळेना, भिंतीला टेकून उभेच राहिले. मला वाटलं, झालं, संपलं, आता कॉफी येईल.

अत्त्याने उजवा तुकडा उलटा केला. त्याच्या मागे मोडीत एक ओळ होती, प्लॅस्टिकखाली काल लिहिल्यासारखी काळीभोर. पहिल्या दिवशी मी तिकडे बघितलंही नव्हतं, तशीच ओरडत सुटले होते. गोविंदरावांना ती पाठ होती. "डावा भाग टपालांत घातला. खालीं सही."

"अम्च्या घरची रीतच ती," अत्त्या म्हणाली. "नोट कापली कीं मागें लिहायाचें. पाठवणारा पाठवला म्हणून, घेणारा पोचला म्हणून. ज्याच्या हातीं भाग, त्याची ओळ." आणि तिने माझा तुकडा उलटा केला.

पाठ कोरी. स्वच्छ, पांढरी, पुण्याच्या कारागिराच्या हलक्या हाताची.

तिने भिंग लावलं. कागद उजेडाकडे धरला. "कांहीं लिहिला नाहीं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा म्हातारा झाला. "म्हणजे त्याच्या हातीं पोचला नाहीं. भावानें टाकलें असें समजूनच गेला."

मी गप्प राहू शकले असते. साताऱ्यात कोणाला काय कळणार होतं? पण दोन दिवसांपूर्वी ज्या माणसाला मी गिऱ्हाइकांसमोर अडाणी म्हटलं होतं तो भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता.

"लिहिलं होतं," मी म्हणाले. "दोन ओळी होत्या. शाईच्या. मी पुसून घेतल्या."

"काय होतें त्यांत?"

"मला मोडी येत नाही."

"कोणाला विचारलांत?"

"नाही."

"फोटो?"

पुढच्या बाजूचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत. मागचा एक नाही. आम्ही नोटवाले मागची बाजू कोरी आहे ना एवढंच बघतो.

अत्त्या मग जी रागावली, तसा राग मी जन्मात पाहिलेला नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "माझी आजी मरेपर्यंत त्या ओळींची वाट पाहिली. माझी आई पाहिली. मी पाहिलों. तुम्हांला ती घाण वाटली." बस, एवढंच. मी तिथे उभी होते आणि मला वाटत होतं, हिने मला दारातून परत पाठवावं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं मी योग्य त्या खणात टाकली, एक चुकू दिलं नाही, आणि जे एक पत्र माझ्या स्वतःच्या हाती आलं ते मी पैसे देऊन धुऊन टाकलं.

रखमाबाई पुढे आल्या. त्या हळूच म्हणाल्या, "अत्त्या, टपालवाला मागें लिहीत नाहीं. ओळी होत्या म्हणजे कोणीतरी लिहिला. मोडींत लिहिला. पोचल्यावांचून कोण लिहील?"

अत्त्याने भिंग खाली ठेवलं. तिच्या ओठांची हालचाल होत होती, ती तेच वाक्य पुन्हा म्हणून बघत असावी. मग तिने मला विचारलं, "दोन ओळी. नक्की?"

"नक्की. दुसरी लहान होती. तिच्या शेवटी सहीसारखा फाटा होता."

"सेरी," ती म्हणाली. तिने आत हाक मारून दौत-टाक नव्हे, बॉलपेन मागवलं आणि माझ्या हातात दिलं. डावा तुकडा उलटा करून माझ्यापुढे ठेवला. "भाग तुमच्या हातीं होता. तुमची ओळ लिहा."

शंभर वर्षांच्या नोटेवर बॉलपेन! पेन टेकवायला मी कचरले, आणि ते केवळ लाजेने नव्हे, हे खरं सांगते. त्या क्षणीही माझ्यातली नोटवाली आत ओरडत होती. मी लिहिलं, 'या जागी मोडीत दोन ओळी होत्या. दुसरीखाली सही होती. मी त्या न वाचता पुसून घेतल्या.' खाली सही केली. अत्त्याने वाचायला लावलं, मी मोठ्याने वाचलं.

मग कॉफी आली. गोविंदरावांना बसायला पाट मिळाला.

संध्याकाळी गाडीच्या आधी आम्ही दुकानात गेलो. तुकडा मी विकला नाही, त्यांना देऊनच टाकला, तो तसाही माझा राहिला नव्हता. गोविंदरावांनी मशीन तापत ठेवलं, माझ्या तुकड्याच्या चारी बाजू कापसाने पुसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेर रांग होती, परवाचीच काही माणसं, माझ्याकडे जरा जपून बघत होती.

"अक्का," ते म्हणाले, "करूं?"

"करा," मी म्हणाले. "फुगा राहू देऊ नका. ती ओळ आता कोणाला पुसता येता कामा नये."